चमचाभर चहाचे कलम

ज्येष्ठ नागरिक संघाच्या सभागृहात ‘सन्मानाने मरण’ या विषयावर व्याख्यान होते. बाबांना तिथे घेऊन जाणे हे माझ्या त्या शनिवारच्या यादीत सहाव्या क्रमांकावर होते, दळण आणणे आणि पडद्यांना इस्त्री यांच्या मध्ये. मी वारज्याला राहते, बाबा विश्रांतवाडीला. शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचे तर दिवसाची यादी लागतेच. यादी न करता पुण्यात फिरणारी माणसे मी पाहिली आहेत. ती बहुधा सिग्नलला उभी असतात.

व्याख्याते निवृत्त प्राध्यापक होते. मरणाऱ्या माणसाच्या उशाशी ते कधी बसले असतील असे त्यांच्या बोलण्यावरून वाटले नाही. “मृत्यू हा जीवनाचा उत्सव आहे,” असे ते तीनदा म्हणाले आणि तिन्ही वेळा पहिल्या रांगेने टाळ्या वाजवल्या. संघाच्या सहलीत खिडकीची जागा मिळाली नाही तर आठवडाभर अबोला धरणारी ही माणसे. इच्छामरण आणि दयामरण यांत फरक काय, या प्रश्नावर व्याख्याते वीस मिनिटे बोलले आणि फरक होता तोही पुसून टाकला. शेवटी मागच्या रांगेतल्या एका आजोबांनी हात वर केला. सभागृह गंभीर झाले.

“चहा आधी आहे की प्रश्नोत्तरं आधी?”

बाबा मोठ्याने हसले. एकटेच.

परतताना रिक्षात ते म्हणाले, “दयामरण म्हणे. मरणार मी आणि दया करणार हे. आयुष्यभर कुणाची दया घेतली नाही, ती आता शेवटी कशाला?”

छप्पन साली त्यांनी आपल्या वडिलांबरोबर धम्म स्वीकारला तेव्हा ते शाळेत होते. तेव्हापासून ‘दया’ हा शब्द त्यांच्या घरात बाद होता. हक्क, नियम, नोंद, पोच हे शब्द चालत. नोकरी टपाल खात्यात, शेवटी पोस्टमास्तर. त्यांचे सगळे तत्त्वज्ञान टपालाचे. “टपाल एकतर पोचलेलं असावं, नाहीतर परत गेलेलं,” ते म्हणाले. “मध्येच गोणीत पडून राहिलेलं टपाल हा गुन्हा आहे. मला गोणीत ठेवू नका.”

“परत कुठे जायचंय पण?”

“ते मला काय माहीत? मी पत्ता लिहिणारा नाही, वाटणारा आहे.”

घरी जाऊन त्यांनी एका जुन्या, रद्द झालेल्या मनीऑर्डर फॉर्मच्या मागे चार कलमे लिहिली. अक्षर टपोरे. एक, श्वासाचे यंत्र लावू नये. दोन, पोटात नळी घालून अन्न देऊ नये. तीन, हृदय थांबल्यास छाती दाबून चालू करू नये. चार, चमच्याने दिलेला चहा मी गिळत आहे तोवर मी आहे असे समजावे. चहा घेईनासा झालो की पुढे काही देऊ नये.

पक्की प्रत मी करायची होती. मी एका शाळेच्या कार्यालयात मुख्य लिपिक आहे. पक्क्या प्रती करणे हा माझा धंदा आहे. कायद्याने असा वैद्यकीय इच्छापत्राचा कागद करता येतो, दोन साक्षीदार लागतात, नोटरीपुढे सही लागते, हे सगळे मी माहीत करून घेतले. नमुना मिळवला. दुसरे कलम मीच सुधारून ‘नाकातून किंवा पोटातून नळीने’ असे नेमके केले. ‘सुज्ञ मनाने व कोणत्याही दबावाशिवाय’ वगैरे वाक्ये घातली. आणि चौथे कलम गाळले.

का गाळले? नोटरी हसेल म्हणून. कायद्याच्या कागदात चहा! मला माझ्या कागदांवर कुणी हसलेले चालत नाही.

बाबांनी प्रत वाचली, चष्मा वर केला. “चौथं कुठे गेलं?”

“ते तुम्ही मला तोंडी सांगितलंय ना. मी लक्षात ठेवीन.”

“लक्षात ठेवावं लागू नये म्हणूनच कागद करतात ना गं?”

तरी त्यांनी सही केली. मुलीने केलेल्या पक्क्या प्रतीवर त्यांचा विश्वास होता. एक प्रत घरच्या डॉक्टरांकडे दिली, एक महापालिकेत ज्या अधिकाऱ्याकडे द्यायची असते त्याच्याकडे, एक हिंजवडीला भावाकडे. मूळ कागद मी लॅमिनेट केला. दोन्ही बाजूंनी, जाड प्लास्टिकमध्ये. पाणी, वाळवी, काळ, कशानेही त्याला काही होणार नव्हते. यादीत त्यापुढे बरोबरची खूण केली आणि निश्चिंत झाले.

एका मंगळवारी सकाळी साडेदहाला बाबांना दिवसभर सांभाळणाऱ्या मावशींचा फोन आला. “ताई, बाबा बेसिनपाशी पडले. तोंड वाकडं झालंय. बोलत नाहीत.” मावशींनी शेजाऱ्यांना हाक मारली, शेजाऱ्यांनी ॲम्ब्युलन्स बोलावली. सगळ्यांनी योग्य तेच केले. मी शाळेतून निघाले, घरी जाऊन फाईल घेतली आणि रुग्णालयात पोचले, तेव्हा बाबांच्या तोंडात नळी होती आणि यंत्र त्यांच्या वतीने श्वास घेत होते.

डॉक्टर तरुण होते, नम्र होते. त्यांनी कागद शेवटपर्यंत वाचला, हे मान्य करायला हवे.

“मॅडम, ही फाईल आधी यायला हवी होती.”

“फाईल आधीच होती. ॲम्ब्युलन्स तिच्या आधी आली.”

त्यांनी समजावले की आता यंत्र काढायचे तर डॉक्टरांची एक समिती बसेल, मग दुसरी बसेल. आधी कागदाची खातरजमा व्हावी लागेल. मग त्यांनी कागद उलटा केला, सुलटा केला, त्यावर नखाने टकटक केले. “आणि हे तर लॅमिनेट केलंय. आमचे प्रशासनवाले मूळ कागदावर शेरा आणि शिक्का मागतात. प्लास्टिकवर शाई टिकत नाही.”

एवढ्यात भाऊ आला. हिंजवडीहून त्याला दोन तास लागले होते आणि दोन तासांचा सगळा राग त्याने माझ्यासाठी राखून ठेवला होता.

“ताई, बाबा आत आहेत आणि तू फाईल घेऊन आलीस?”

“मग काय घेऊन यायला हवं होतं? शहाळं?”

“आपण सगळं करायचं. काहीही कमी पडू द्यायचं नाही.”

“सगळं म्हणजे काय काय? यादी दे.”

‘सगळं करू’ म्हणणाऱ्यांकडे यादी कधीच नसते. असलीच तर ती दुसऱ्याच्या अंगावर करायच्या गोष्टींची असते.

महापालिकेच्या प्रमाणित प्रतीवर भागेल असे प्रशासनाने सांगितले. दुसऱ्या दिवशी मी महापालिकेत गेले. खिडकीतल्या गृहस्थांना सांगितले की वडिलांनी इथे एक इच्छापत्र जमा केले आहे, त्याची प्रत हवी.

“इच्छापत्र म्हणजे मृत्युपत्र ना? मग मृत्यूचा दाखला जोडा.”

“वडील जिवंत आहेत.”

त्यांनी पहिल्यांदाच मान वर केली. “जिवंत आहेत? मग घाई कसली आहे?”

“त्यांना मरण कसं यावं याबद्दलचा कागद आहे तो.”

“असं होय.” त्यांनी विचार केला. “म्हणजे जन्म-मृत्यू विभाग. खिडकी नऊ.”

खिडकी नऊवरच्या बाई म्हणाल्या की त्यांच्याकडे झालेल्या मृत्यूंची नोंद होते, व्हायच्या नाही. त्यांनी आरोग्य खात्यात पाठवले. आरोग्य खात्यात संबंधित साहेब बैठकीला गेले होते. गुरुवारीही बैठकीलाच होते. शुक्रवारी भेटले, माणूस सज्जन निघाला. पोलादी कपाटातून त्यांनी स्वतः बाबांचा कागद शोधून काढला. ज्या फाईलमध्ये तो होता तिच्यावर ‘इतर’ असे लिहिले होते. तीन दिवस मी त्या कार्यालयाला मनातल्या मनात जे काही म्हणाले ते इथे लिहिण्यासारखे नाही. पण खरे सांगायचे तर माझ्या कार्यालयात असा कागद आला असता, तर मीही तो ‘इतर’मध्येच लावला असता.

शनिवारी सकाळी मी प्रत घेऊन विजयी मुद्रेने रुग्णालयात शिरले. डॉक्टर म्हणाले, “बसा. तासाभरापूर्वी आम्ही यंत्र काढलं. ते स्वतःहून श्वास घेतायत.”

मी बसले. प्रत मांडीवर ठेवून विचारले, “ही प्रत माझ्याकडे मंगळवारीच असती तर?”

“तर आम्ही समित्या बसवल्या असत्या. बहुधा बुधवार-गुरुवारी यंत्र काढलं असतं.”

“आणि मग?”

“कदाचित तेव्हाही श्वास घेतला असता. कदाचित नाही. मॅडम, हे कुणीच सांगू शकत नाही.”

भावाला कळले तेव्हा तो म्हणाला, “त्या लॅमिनेशनवाल्याचा सत्कार करायला पाहिजे. शाल, श्रीफळ. मी हार आणतो.” मी प्रत फाईलमध्ये लावली.

बाबांचे डोळे उघडे होते. उजवी बाजू गेली होती, वाचाही. माणसे ओळखत होते की नाही, यावर घरात दोन मते होती. नाकातून नळी घातलेली आणि पलंगाच्या डोक्याशी पाटी: ‘तोंडावाटे काहीही देऊ नये.’ घशाचे स्नायू दुबळे झाले होते. दिलेले फुप्फुसात जाईल अशी भीती. डॉक्टर म्हणाले, नाकातली नळी काही आठवडे चालेल, पुढे पोटात घालावी लागेल. नाहीतर कागदाप्रमाणे नळी काढता येईल, समिती बसवू.

“नळी काढायची म्हणजे उपाशी मारायचं?” भाऊ बाहेरच्या बाकड्यावर बसून म्हणाला. “दर पौर्णिमेला पंचशील म्हणतेस ना? पहिलं शील कोणतं आहे?”

“मारू नये असं आहे. मरू देऊ नये असं नाही.”

“वा! नोटरीकडून शिकलीस का?”

वाक्य मी चुरचुरीत टाकले खरे, पण मला ते पटले नव्हते. यंत्राबाबत माझा निश्चय पक्का होता. नळीबाबत तसे नव्हते. ज्या माणसाचे डोळे उघडे आहेत आणि पंखा फिरला की पंख्याकडे जातात, त्याचे अन्न एका छापील कागदावरून बंद करायचे? तो कागद त्यांचा होता. पण पूर्ण त्यांचा नव्हता, आणि हे या जगात फक्त मला ठाऊक होते. पंख्याकडे पाहणारा माणूस आहे की नाही, हे ठरवायची रीत त्यांनी स्वतः लिहून दिली होती आणि मी ती नीटनेटकेपणासाठी खोडली होती.

मी भावाला चौथे कलम सांगितले.

त्याने फाईल उघडून कागद पाहिला. “हे कागदावर का नाही?”

“नोटरी हसला असता.”

“ताई, तू बाबांचं कलम खाल्लंस?”

“हो.”

तो हसायला लागला आणि हसता हसता त्याने रुमाल काढला. व्हरांड्यातले लोक आमच्याकडे पाहू लागले.

मी काहीही फेकत नाही. मनीऑर्डरचा फॉर्म फाईलच्या शेवटच्या कप्प्यात होता, ‘कच्चे’ अशी चिठ्ठी लावून. तो डॉक्टरांपुढे ठेवला. त्यांनी तो बोट ठेवून वाचला.

“याला कायदेशीर अर्थ नाही, मॅडम.”

“माहीत आहे. ज्याला कायदेशीर अर्थ आहे तो मी टाईप केलाय. हा त्यांनी लिहिलाय.”

“चहा फुप्फुसात जाऊ शकतो. त्याने न्यूमोनिया होऊ शकतो. त्याने ते जाऊ शकतात.”

“आणि नळीने?”

“नळीने ते राहू शकतात.” मग त्यांनी पुढे जोडले, “असेच.”

आम्ही दोघांनी सह्या केल्या, ‘आमच्या जबाबदारीवर नेत आहोत’ म्हणून. डॉक्टरांनी नळी काढली आणि शिकवले: पाठ ताठ, हनुवटी खाली, अर्धा चमचा, गिळल्याची खात्री, मग पुढचा. मी लिहून घेतले.

बाबा घरी आले आणि त्यांच्यामागोमाग लोक. आजारी माणसाकडे येणाऱ्यांचे दोन पक्ष असतात आणि दोन्ही पक्ष बिस्किटे खातात. एक पक्ष म्हणायचा, “इतक्या लवकर घरी आणलं? अजून प्रयत्न करायला हवे होते.” दुसरा डोके हलवून म्हणायचा, “कशाला हाल करताय? सोडवा आता त्यांना.” बाबांच्या समोर, त्यांच्या पलंगावर टेकून. जणू ते फाटकात अडकलेले वासरू होते. व्याख्यानाला पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवणारे शेजारचे काकाही आले. मला स्वयंपाकघराच्या दारात गाठून आवाज खाली आणून म्हणाले, “यासाठी इंजेक्शन वगैरे असतं म्हणे. अगदी शांत.”

“कायद्यात नाही बसत. पण धरून चला, बसलं. देणार कोण? तुम्ही?”

“मी? छे, छे. मी कसा देणार?”

“मग कुणी द्यावं असं तुमचं म्हणणं आहे? माझी सोमवारची यादी भरलेली आहे.”

काका चहा न घेता गेले. दयाळू माणसांचे हे नेहमीचेच. दया त्यांची, हात दुसऱ्याचा.

पहिला चहा मावशींनी केला, आले घालून. मी बाबांना उशांनी ताठ बसवले, हनुवटी खाली धरली आणि अर्धा चमचा ओठांशी नेला. भाऊ दारात उभा होता. बाबांनी चहा तोंडात धरून ठेवला. खूप वेळ. मग गळ्यातला कंठमणी वर गेला आणि खाली आला. मावशी म्हणाल्या, “गिळला!” भावाने भिंतीला डोके टेकले.

तिसऱ्या दिवशी चार चमचे झाल्यावर बाबांच्या तोंडून एक आवाज आला. आम्ही तिघे वाकलो. पुन्हा आला. मावशींना आधी कळले.

“फिका म्हणतायत.”

पंधरा वर्षे मी त्यांच्या साखरेची वही ठेवली होती, उपाशीपोटीचा एक रकाना, जेवणानंतरचा दुसरा. पंधरा वर्षे त्यांनी फिका चहा तक्रार न करता प्यायला होता. मी उठले आणि कपात दोन चमचे साखर घातली. त्या आठवड्यात त्यांनी चहा घेतला, पेज घेतली, एकदा श्रीखंड चाटले. ठसका लागायचा, आम्ही घाबरायचो, तो जायचा. भाऊ विश्रांतवाडीलाच राहिला, बाबांच्या पोस्टातल्या जुन्या टेबलावर लॅपटॉप ठेवून काम करायचा आणि मध्येच उठून म्हणायचा, “माझी पाळी.” ते माणसे ओळखत होते का, मला आजही सांगता येणार नाही. साखर ओळखत होते.

बाराव्या दिवशी सकाळी मी चमचा नेला तेव्हा त्यांनी ओठ मिटले.

मला वाटले, गरम असेल. फुंकर घातली. पुन्हा नेला. ओठ मिटलेलेच. ताप होता, श्वासाला घरघर होती. ते मी आधीच वहीत लिहिले होते. मी साखर वाढवली. चमचा बदलला. ओठाच्या कोपऱ्यातून थोडा आत सोडता येतो का ते पाहू लागले. बाबांनी मान भिंतीकडे वळवली. इतकी मान ते वळवू शकतात हे आम्हाला तोवर माहीत नव्हते. मी त्या बाजूला गेले आणि पुन्हा चमचा उचलला.

भावाने माझे मनगट धरले.

“ताई. चौथं कलम.”

ज्याला सगळे करायचे होते तो हे म्हणत होता. आणि जिने फाईल केली होती तिच्या हातात पाचव्यांदा भरलेला चमचा होता. मी तो कपात परत ठेवला. रुग्णालयाला फोन लावला नाही. घरच्या डॉक्टरांनी येऊन श्वासाचा त्रास कमी व्हावा म्हणून औषध दिले. आम्ही त्यांचे ओठ ओल्या कापसाने पुसत राहिलो. तिसऱ्या दिवशी दुपारी जेवणाच्या वेळेला बाबा गेले. भावाने त्रिसरण म्हणायला सुरुवात केली आणि मध्येच अडखळला. पुढचे मावशींनी म्हटले.

भेटायला आलेल्यांतले बहुतेक “सुटले” म्हणाले. काही “तुम्ही सुटलात” असे बघत राहिले. शेजारचे काकाही आले, जयभीम म्हणाले, खुर्चीवर नीट बसले आणि मग त्यांना राहवले नाही.

“म्हणजे शेवटी तुम्ही द्यायचं बंद केलंत?”

“नाही. त्यांनी घ्यायचं बंद केलं.”

“तेच ते.”

“तेच ते नाही. त्या दोन्हींच्या मध्ये मी पाच चमचे भरले होते.”

काकांना ते कळले नाही. व्याख्यानात नव्हते ते.

गेल्या महिन्यात मी माझा स्वतःचा कागद केला. यंत्र, नळी, छाती दाबणे, आणि चौथे कलम, तेही पूर्ण वाक्यात. भाऊ साक्षीदार म्हणून आला होता. नोटरी चौथ्या कलमापाशी थांबला आणि माझी अपेक्षा होती तसा हसला.

“मॅडम, कायद्याच्या कागदात चहा?”

“हो. पुढे वाचा. साखर किती तेही लिहिलंय.”

त्याने वाचले, शिक्का मारला आणि विचारले, लॅमिनेशन समोरच करून मिळते, करून देऊ का? भाऊ आधीच दाराबाहेर जाऊन हसत होता.